धागा: हॉस्टेलचा ड्रॉवर, मेडिकलची मुलं आणि पेनकिलर

रसायनी (धागाकर्ती)

मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या कुठल्याही टेबलाचा ड्रॉवर उघडून बघा. हायलायटर, तुटका चार्जर, आणि त्याखाली अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा: डोलो ६५०, कॉम्बिफ्लॅम, झिरोडॉल-एसपी, मेफ्टाल-स्पास, नाइस, केटोरॉल-डीटी, सॅरिडॉन. सोबत पॅन-डी ही ॲसिडिटीची गोळी असतेच, कारण "पोटाला काही व्हायला नको".

माझ्या मते हा अज्ञानाचा प्रश्न नाही. दुसऱ्या वर्षात औषधशास्त्र झालेल्या मुलाला सायक्लोऑक्सिजिनेज (वेदना-सूज आणणारं प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम, बहुतेक पेनकिलर तेच अडवतात) झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पेशंटला पेनकिलर देण्याआधी काय विचारायचं तेही त्याला पाठ असतं: दमा आहे का, अल्सर होऊन गेलाय का, वजन किती, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, किती दिवसांपासून घेताय. स्वतःसाठी गोळी फोडताना मात्र यातला एकही प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. स्वतःची हिस्ट्रीच घेतलेली नसते.

आधी ड्रॉवरमध्ये नक्की काय आहे ते बघू. डोलो म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ. कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५. झिरोडॉल-एसपी म्हणजे एसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि सेराशियोपेप्टिडेज १५. मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड २५० आणि डायसायक्लोमिन १०. नाइस म्हणजे निमेसुलाइड १००, केटोरॉल-डीटी म्हणजे केटोरोलॅक १०. सॅरिडॉनमध्ये प्रोपिफेनाझोन, पॅरासिटामॉल आणि कॅफीन. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ३२५ ते ५०० पॅरासिटामॉल असतं, ते कुणीच मोजत नाही.

आता परीक्षेच्या आठवड्यातला एक दिवस मांडते. ताप-कणकण म्हणून डोलो तीनदा: १९५०. डोकं दुखतंय म्हणून कॉम्बिफ्लॅम दोनदा: आणखी ६५०. रात्री मान धरली म्हणून झिरोडॉल-एसपी एक: ३२५. नाक वाहतंय म्हणून ५०० वाली सर्दीची गोळी तीनदा: १५००. पॅरासिटामॉलची बेरीज ४४२५ मिग्रॅ. प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, तीही अंगापिंडाने धड असलेल्या माणसासाठी. ५० किलोखालच्या मुलीसाठी किलोमागे ६० मिग्रॅ हा सावध हिशोब धरला, तर ४५ किलोला २७०० वर थांबायला हवं. त्यात मेसचं जेवण दोन दिवस टाळलेलं असलं की यकृतातलं ग्लुटाथायोन (पॅरासिटामॉलपासून बनणारं विषारी द्रव्य निकामी करणारा पदार्थ) आधीच खाली गेलेलं असतं.

आणि यातली दुसरी चूक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: आयबुप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक एकाच दिवशी. दोन एनएसएआयडी (आयबुप्रोफेनच्या गटातल्या, प्रोस्टाग्लँडिन अडवणाऱ्या पेनकिलर) एकत्र घेतल्या की दुखणं फारसं जास्त कमी होत नाही, पोट आणि किडनीवरचा भार मात्र वाढतो.

धाग्यावर एकच विनंती. आत्मचरित्रं नकोत, आकडे आणि कारणं लिहा.

---

सेकंड_इयर_सुटका

मॅडम, एक बेसिक शंका. डायक्लो पोटाला लागते म्हणून एसिक्लो घेतात ना? मग ती वेगळ्या गटातली नाही का? आणि सेराशियोपेप्टिडेज सुजेसाठी असतं असंच ऐकलंय.

---

रसायनी

एसिक्लोफिनॅक डायक्लोफिनॅकच्याच घरातलं आहे. शरीरात त्याचा थोडा भाग डायक्लोफिनॅकमध्येच बदलतो. पोटाला त्रास थोडा कमी होतो, पण "वेगळं औषध" म्हणून डायक्लोच्या जोडीला घेण्यासारखं ते नाही.

सेराशियोपेप्टिडेजने सूज उतरते याला भक्कम पुरावा नाही. जपानमध्ये २०११ साली कंपनीने ते स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे स्ट्रिपवर "एसपी" अक्षरं दिसली की गोळी जास्त जोरदार वाटते, एवढाच त्याचा परिणाम.

---

मेडिकलवाला

काउंटरच्या या बाजूने लिहितो.

पॅरासिटामॉल सोडलं तर वरच्या यादीतलं जवळपास सगळं शेड्यूल एच मध्ये येतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक, निमेसुलाइड, केटोरोलॅक, सगळं. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी हवी. त्या चिठ्ठीवर तारीख, सही, पेशंटचं नाव-पत्ता आणि किती गोळ्या ते हवं. औषध नियमांतल्या नियम ६५ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. फायनल इयरच्या मुलाने वहीच्या पानावर लिहिलेलं नाव ही चिठ्ठी नव्हे. इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते, ती इंटर्नशिपपुरती, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करायला. रूममेटला गोळ्या लिहून द्यायला नव्हे.

प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. खांद्यावर एप्रन टाकून मुलगा येतो, "दादा, एक कॉम्बी द्या" म्हणतो आणि दुकानदार देतो. मेडिकल कॉलेजसमोरचं दुकान तर निम्मं त्याच्यावरच चालतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण शेड्यूल एच-१ या आणखी कडक यादीत हे चालत नाही. तिथे रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध, किती गोळ्या सगळं लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. ट्रॅमाडॉल (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गटातली पेनकिलर) त्याच यादीत आहे, शिवाय २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय. "सरांनी सांगितलंय" म्हणून ते मागायला येऊ नका.

एक कामाची गोष्ट. स्ट्रिप कापून घेताना सांगा की बॅच आणि एक्सपायरी छापलेली बाजू माझ्याकडे द्या. दोन गोळ्या कापल्या की ती बाजू बहुतेक वेळा दुकानात राहते. सहा महिन्यांनी ड्रॉवरमधून जे निघतं त्यावर अर्धवट नाव असतं, "…रोडॉ…" एवढंच. झिरोडॉलची पी, एसपी की एमआर, कुणाला कळणार? एमआरमध्ये स्नायू सैल करणारं औषध असतं. ते घेऊन वायवाला (तोंडी परीक्षेला) बसलं तर डोळे मिटतात.

---

इंटर्नची_चप्पल

+१, स्ट्रिपच्या टोकाबद्दल अगदी. रात्री दोन वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये सगळ्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच दिसतात.

प्रश्न: पेपर तीन तासांचा. वेदना नक्की दाबून धरेल अशी कुठली? हॉस्टेलवर एटोरिकॉक्सिबला मान आहे, "एक घे, दिवस निघतो" म्हणतात.

---

रसायनी

तीन तासांचा पेपर कुठलीही गोळी निभावते. आयबुप्रोफेन ४०० अर्ध्या-पाऊण तासात लागू पडतं आणि सहा तास तरी टिकतं, जरी त्याचं अर्धायुष्य (रक्तातली मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ) दोनच तासांचं असलं. नेप्रॉक्सेनचं बारा ते सतरा तास, एटोरिकॉक्सिबचं साधारण बावीस. म्हणजे एटोरिकॉक्सिब घेतली की पेपर संपल्यावरही किडनीतलं प्रोस्टाग्लँडिन दिवसभर दबलेलं राहतं, रक्तदाबही वाढू शकतो. तीन तासांच्या कामाला बावीस तासांचा गडी कशाला लावायचा?

निवडक कॉक्स-२ (एटोरिकॉक्सिबसारखी, सायक्लोऑक्सिजिनेजचा एकच प्रकार अडवणारी औषधं) म्हणजे सुरक्षित, हा समज २००४ मध्ये याच गटातलं रोफेकॉक्सिब बाजारातून गेलं तेव्हाच मोडायला हवा होता. पोट वाचतं, हृदयाचा धोका राहतो. विशीतल्या मुलाला त्याची काळजी कमी, पण घरून दिलेल्या औषधांच्या डब्यात हीच गोळी आजोबांसाठीही असते.

---

राउंडवर

फिजिशियन म्हणून दोनच गोष्टी मांडतो, पण त्या जून ते ऑक्टोबरच्या आहेत. हॉस्टेलच्या गच्चीवर पाणी साचतं तेव्हाच्या.

ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं. अशा वेळी हात आपोआप कॉम्बिफ्लॅमकडे जातो, कारण एकट्या डोलोने अंगदुखी पुरती जात नाही. डेंग्यूची शक्यता नाकारता येईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक नाही, ॲस्पिरिन तर नाहीच. प्लेटलेट कमी होत असतात; त्यात एनएसएआयडीने उरलेल्या प्लेटलेटचं कामही मंदावतं आणि जठराचं अस्तर उघडं पडतं. कंबरेत इंजेक्शनही नको, स्नायूत रक्त साकळतं.

आणि सगळ्यात फसवी वेळ म्हणजे ताप उतरतो ती. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास ताप जातो, पोरगं "बरं वाटतंय" म्हणत पोस्टिंगला निघतं, आणि पुढचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचे असतात. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यातलं काहीही दिसलं तर कॅज्युअल्टी. गोळीने ताप दाबलेला असेल तर ताप नेमका कधी उतरला हेच सांगता येत नाही. म्हणून गोळी घेतलेल्या वेळा लिहून ठेवा. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्याला लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) होऊ शकतो, त्यात किडनी आधीच अडचणीत असते.

दुसरी गोष्ट, किडनी. उन्हात क्रिकेट, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पाणी कमी, वर स्नायू दुखतात म्हणून डायक्लो. शरीरात पाणी कमी असतं तेव्हा किडनीकडे येणारी छोटी धमनी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. गोळीने तेच बंद होतं. जुलाब लागलेत आणि पोट दुखतंय म्हणून पेनकिलर, तोच प्रकार. लघवी कमी आणि गडद होते, पाय सुजतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) उशिरा वाढतं, त्यामुळे "कालच नॉर्मल होतं" याला अर्थ नाही. जिममध्ये क्रिएटिन पावडर घेणाऱ्यांनी तपासणीआधी तसं सांगावं, नाहीतर आकड्याचा अर्थ लावताना गोंधळ होतो.

---

सेकंड_इयर_सुटका

सर, पण पॅन-डी सोबत घेतली तर निदान पोटाचं तरी मिटलं ना?

---

राउंडवर

अर्धवट मिटतं. पॅन-डीमधलं पॅन्टोप्राझोल जठर आणि ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) वाचवतं, पुढच्या लहान आतड्याला नाही. किडनीचा तर त्याच्याशी संबंधच नाही. आणि तेही जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायचं असतं. जेवल्यावर पेनकिलरसोबत एकाच घोटात गिळलं तर त्याचा उपयोग बराच कमी होतो, कारण आम्लाचे पंप सुरू होण्याआधी औषध रक्तात असायला हवं.

विशीतल्या, अल्सर नसलेल्या, दुसरं काही औषध न घेणाऱ्या माणसाला दोन-तीन दिवसांच्या आयबुप्रोफेनसोबत मी पीपीआय (पॅन्टोप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध) देत नाही. उगाच "डी"मधला ३० मिग्रॅ डोमपेरिडोनही (उलटीवरचं औषध) पोटात जातो.

---

भूलथाप

राउंडवर, इथे थोडा मतभेद. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन (नैराश्य-चिंतेवरची औषधं) चालू असलेल्या मुलाला पीपीआयशिवाय एनएसएआयडी मी देणार नाही. दोन्ही मिळून वरच्या आतड्यातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि हॉस्टेलवर ही औषधं घेणारे कमी नाहीत, फक्त कुणी बोलत नाही.

---

राउंडवर

मान्य. मी "दुसरं काही औषध न घेणारा" म्हटलं त्यात हे आलंच, पण उघड लिहिलेलं बरं. डांबरासारखी काळी शी हे लक्षण इथे नोंदवून ठेवतो. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, दोन्ही गोष्टी लक्षात घ्या.

---

शेकपिशवी

पाळीच्या दुखण्याबद्दल लिहिते, कारण मुलींच्या हॉस्टेलवर सर्वात जास्त खप याच गोळ्यांचा.

इथे मेफेनॅमिक किंवा आयबुप्रोफेन ही योग्य औषधं आहेत, नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा नक्कीच. गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळे कळा येतात आणि ही गोळी तेच तयार होऊ देत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. दुखणं शिगेला पोचेपर्यंत दात-ओठ खाऊन बसायचं आणि मग दोन गोळ्या एकदम घ्यायच्या, हे उलटं आहे. एव्हाना प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन बसलेलं असतं. पाळी नियमित असेल तर सुरुवात होताच, किंवा आदल्या संध्याकाळी कंबर जड वाटायला लागली की पहिली गोळी. मेफेनॅमिक ५०० ने सुरुवात, मग दर सहा तासांनी २५०. किंवा आयबुप्रोफेन ४०० दिवसातून तीनदा. काहीतरी खाऊन. दोन-तीन दिवस, बास. मेफेनॅमिकने जुलाब लागले तर ती लगेच थांबवायची.

मेफ्टाल-स्पासमधल्या डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं आणि जवळचं धूसर दिसू शकतं. पेपरच्या दिवशी हिस्टॉलॉजीची स्लाइड फोकसमध्ये येत नसेल तर दोष मायक्रोस्कोपचाच असेल असं नाही. साधी मेफेनॅमिक घेतली तर हा भाग टळतो.

शेक ही "आजीची पद्धत" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. चाळीस अंशांच्या आसपासचा सलग शेक वेदना खरोखर कमी करतो, गोळीसोबत घेतला तर जास्तच. पिशवी नसेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलमध्ये गुंडाळा. थेट कातडीला लावू नका, पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात आणि महिनोन्महिने जात नाहीत.

दोन-तीन पाळ्या नीट मात्रेत घेऊनही आराम नसेल, किंवा दुखणं पाळीच्या आधी आठवडाभर आणि संपल्यावरही राहत असेल, तर स्त्रीरोग ओपीडी. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणं) नाही, असा अर्थ लावू नका.

---

इंटर्नची_चप्पल

मेफ्टालचा तो अलर्ट काय होता? तेव्हा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता, "मेफ्टाल बंद" म्हणून.

---

रसायनी

बंद वगैरे काही नाही. भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस सिंड्रोम (औषधाची तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रिया) होऊ शकतो, लक्ष ठेवा, असा इशारा दिला होता. दुर्मीळ, पण गंभीर. औषध सुरू केल्यावर सहसा दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढणं, यकृताचे आकडे वर. उशिरा येतं म्हणून गोळीशी त्याचा संबंध जोडला जात नाही, हीच त्यातली मेख.

याहून खूप जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे फिक्स्ड ड्रग इरप्शन. ओठावर किंवा गुप्तांगावर एक गोल, जांभळट-काळा डाग. गोळी घेतल्यावर काही तासांत तिथेच जळजळतो, मग काळा होऊन राहतो. पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की बरोब्बर त्याच जागी. मुलं याला हर्पीस समजून मलम लावत बसतात, कारण दाखवायची लाज. हा डाग बघितला की आधी विचारायचं: मागच्या दोन दिवसांत कुठली गोळी घेतली?

असं काही आढळलं तर कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात एडीआर (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारं) केंद्र असेल तिथे फॉर्म भरा, किंवा १८००-१८०-३०२४ वर कळवा. विद्यार्थ्यालाही कळवता येतं, गाइडची सही लागत नाही.

---

अर्धशिशी

डोकेदुखीवाल्यांसाठी, कारण या धाग्यावरचे निम्मे वाचक त्याच रांगेतले असणार.

गोळ्या किती घेतल्या ते सोडा, महिन्यात किती दिवस घेतल्या ते मोजा. साधी एकल गोळी (पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन) महिन्यात १५ किंवा जास्त दिवस. मिश्र गोळी, ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) किंवा ओपिऑइड १० किंवा जास्त दिवस. आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललं, शिवाय डोकं महिन्यात निम्म्याहून जास्त दिवस दुखतंय, तर ते औषधांच्या अतिवापराने होणारं डोकेदुखीचं दुखणं आहे. सॅरिडॉन तीन औषधांची असल्याने दहाच्या हिशोबात बसते. ज्या गोळीने आराम पडतो तीच दुसऱ्या दिवशीचं डोकं दुखवते, आणि चक्र सुरू होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी एक टिंब काढा. महिनाअखेर टिंबं मोजा. ज्यांना "आठवड्यातून एखादी" वाटत असते त्यांच्या कॅलेंडरवर तेरा-चौदा टिंबं निघतात.

साधी गोळी एकदम थांबवता येते. त्यानंतरचे दोन ते दहा दिवस डोकं आणखी वाईट दुखतं, आणि नेमकं त्याच दिवसांत लोक परत गोळीकडे वळतात. म्हणून थांबवायची तारीख टर्मिनल परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली नको. ओपिऑइड मात्र स्वतः एकदम बंद करू नका. सोबत प्रतिबंधक औषध लागतं का, ते न्यूरॉलॉजी किंवा मेडिसिनच्या ओपीडीत ठरेल. प्रोप्रॅनॉलॉल हे असंच एक प्रतिबंधक औषध, पण ती ड्रॉवरमधून काढून सुरू करायची गोळी नाही, दम्याच्या माणसाला तर अजिबात नाही.

खरं मायग्रेन असेल तर गोळी पहिल्या अर्ध्या तासात, पूर्ण मात्रेत. झटका वाढला की जठराची हालचाल मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते. "बघू, थांबतंय का" म्हणत अर्धी गोळी घेणं सगळ्यात वाईट.

---

मेडिकलवाला

अवांतर: चहा-कॉफी मोजता का?

---

अर्धशिशी

मोजायलाच हवी. रात्री जागायला चार कप आणि रविवारी दुपारपर्यंत झोप, म्हणजे कॅफीन तुटलं. रविवारच्या डोकेदुखीचं ते एक साधं कारण, आणि कॅफीनवाली गोळी घेतली की लगेच "लागू पडते"!

---

भूलथाप

इंजेक्शनांवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

"इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही" हा समज इंटर्नपर्यंत पोचलेला आहे. चूक. अल्सर फक्त गोळी जठराला घासते म्हणून होत नाही, रक्तातून पोचलेल्या औषधाने प्रोस्टाग्लँडिन कमी होतं म्हणून होतो. डायक्लोफिनॅक ७५ मिग्रॅ कंबरेत दिलं तरी जठराला तेच भोगावं लागतं. इंजेक्शन दोन दिवसांपेक्षा जास्त द्यायचंच नसतं.

वर रूममेटने दिलेलं इंजेक्शन. नितंबाचा वरचा-बाहेरचा चतुर्थांश कुठे संपतो याचा अंदाज पलंगावर वाकून उभ्या असलेल्या माणसावर चुकतो आणि सुई सायटिक नर्व्हजवळ जाते. पाऊल लोंबायला लागतं. दुसरा प्रकार निकोलाऊ सिंड्रोम: सुई टोचताच असह्य दुखतं, कातडी पांढरी पडते, मग निळसर जाळी आणि काही दिवसांत तिथली कातडी-स्नायू मरतात. डायक्लोफिनॅकबाबत हे पुन्हा पुन्हा नोंदलं गेलंय. गोळी गिळता येत असेल तर इंजेक्शनचं काही कारणच नाही.

केटोरोलॅक दातदुखीला लाडकं आहे. दिवसाला तोंडावाटे ४० मिग्रॅ, आणि गोळी-इंजेक्शन मिळून पाच दिवस, ही शेवटची रेघ. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला सांगा. रक्त थांबत नाही तेव्हा ते गोळीमुळे असू शकतं.

ट्रॅमाडॉल: एस्सिटालोप्रामसारख्या औषधांसोबत सेरोटोनिन सिंड्रोम (मेंदूतलं सेरोटोनिन अति वाढून होणारी धोक्याची अवस्था), आणि एरवीही झटके (फिट) येऊ शकतात. रात्रभर न झोपलेल्या मेंदूला झटक्याचं निमित्त आधीच असतं. वॉर्डात वापरून उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकून नोंद करायची असते, खिशात टाकायची नसते. ते खिशात जायला लागलं असेल तर ही वेदनेची गोष्ट राहिलेली नाही. मनोविकार विभागात जा. तिथले सर ओळखीचे म्हणून नको वाटत असेल तर १४४१६ वर टेलि-मानस आहे, मराठीतही बोलतात.

---

राउंडवर

त्याला जोडून. कुणी पॅरासिटामॉल जास्त घेतलंय, चुकून किंवा जाणूनबुजून, तर "आता बरा दिसतोय" यावर जाऊ नका. पहिले २४ तास फक्त मळमळ, कधी तीही नाही. त्याला एकटं सोडू नका, लगेच कॅज्युअल्टीत न्या. रिकाम्या स्ट्रिपा आणि घेतल्याची वेळ सोबत न्या, कारण रक्तातली पातळी चार तासांनंतरची बघतात आणि एन-ॲसिटिलसिस्टीन (त्यावरचा उतारा) आठ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत जवळपास नेहमी वाचतं. वॉर्डन काय म्हणतील, घरी कळेल का, हे नंतर.

---

सेकंड_इयर_सुटका

दम्याचं कुणी सविस्तर लिहिलं नाही. इनहेलर असणाऱ्याने काय घ्यायचं?

---

रसायनी

पॅरासिटामॉल, नेहमीच्या मात्रेत. दम्याच्या प्रत्येकाला एनएसएआयडी बाधते असं नाही, पण दम्यासोबत नाकात पॉलिप (मऊ गाठ), सतत चोंदलेलं नाक, वास न येणं असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लो यांपैकी कुठल्याहीने अर्ध्या ते तीन तासांत छाती भरू शकते. एकीने त्रास झाला तर दुसरी "बदलून बघू" हा प्रयोग खोलीत करू नका, यंत्रणा सगळ्यांची एकच आहे.

---

पाठकणा

फिजिओथेरपीची बाजू. मानदुखी-पाठदुखीच्या गोळ्यांचं खरं कारण बहुतेक वेळा पलंगावर पालथं पडून वाचणं आहे. पुस्तक डोळ्यांच्या पातळीला आणा, उशीवर नको. दर चाळीस मिनिटांनी उठा. एवढ्याने झिरोडॉलची निम्मी गरज संपते.

आणि गोळीआधी जेल आठवा. मनगट, घोटा, गुडघा अशा कातडीजवळच्या जागी डायक्लोफिनॅक जेल चांगलं चालतं आणि तोंडावाटे घेतल्याच्या मानाने रक्तात जेमतेम ६ टक्के पोचतं. खोल कंबरदुखीत तेवढी आशा नको.

---

इंटर्नची_चप्पल

जेल सगळ्यांनी वापरून सोडलेलं आहे. "काही होत नाही" हाच अभिप्राय.

---

पाठकणा

कारण लावतात वाटाण्याएवढं. एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागतं, म्हणजे बोराएवढं ते अक्रोडाएवढं, दिवसातून तीन-चारदा, आणि आठवडाभर. ४ ग्रॅम तीनदा म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब सहा महिने पुरत असेल तर जेलची परीक्षा झालेलीच नाही. वरून गरम पिशवी किंवा घट्ट क्रेप बँडेज नको, हात धुतल्याशिवाय लेन्स लावू नका, आणि जेल लावलेल्या दिवशी कॉम्बिफ्लॅमही नको.